कोरडी आंघोळ

माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांना सांगण्यात आलं होतं की मुलगा इमारतींचे नकाशे काढतो. हे खोटं नव्हतं. फक्त इमारतीचा कुठला भाग काढतो, हे त्यांनी विचारलं नाही आणि आमच्याकडून कोणी सांगितलं नाही. नालासोपाऱ्यात एका बिल्डरकडे मी ड्राफ्ट्समन होतो. हॉल, बेडरूम, जिना, पार्किंग हे सगळं मोठे साहेब काढायचे. सगळं काढून झाल्यावर कागदावर जो कोपरा उरायचा तो माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "यात बाथरूम बसव." मी बसवायचो. साडेतीन फूट बाय साडेचार फूट. साहेब खूश, मीही खूश. त्या चौकोनात एखादा जिवंत माणूस कपडे काढून आंघोळ करणार आहे, हा विचार तेव्हा मनाला शिवला नाही. कागदावर ती बरी दिसायची.

पुढे बिल्डरने गाशा गुंडाळला आणि मी स्वतःचं काम सुरू केलं. काम कुठलं, तर लहान बाथरूममध्ये जागा काढून देणं. म्हणजे आधी मी त्या लहान करून ठेवल्या आणि मग पंचवीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन, "कोणी हो काढली ही बाथरूम?" असं विचारत, डोकं हलवत पोट भरलं. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "काय माहीत, कोण गाढव होता." मी गंभीरपणे मान डोलावली. माझा फरशीवाला मिस्त्री रामसुरत माझ्याबरोबर बिल्डरकडेही होता. तो लगेच भिंतीकडे तोंड करून टाइल्स मोजू लागला. त्याचे खांदे हलत होते.

या धंद्यातलं थोडं समजावून सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, बाथरूम लहान आहे तर लहान वस्तू आणाव्यात, झालं. तसं नसतं. बाथरूममधली जागा तीन गोष्टी खातात: दार, पिंप आणि माणसाचं कोपर. दार आत उघडत असेल तर ते निम्मी फरशी झाडून नेतं, तेवढ्या भागात काहीच ठेवता येत नाही. शिवाय आत कोणी पडलं, तर पडलेला माणूसच दाराला अडसर होतो. म्हणून मी दार शक्यतो बाहेर उघडतं करतो, मग भले ते फ्रिजला आपटो. पिंपाचं दुखणं खास आमच्या भागातलं. कॅटलॉगमधल्या बाथरूममध्ये कोपऱ्यात फुलदाणी असते. आमच्याकडे पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचं असतं, त्यामुळे त्या कोपऱ्यात निळं पिंप असतं, आणि ते हलवा म्हटलं तर घरातली बाई आपल्याकडे चोराकडे बघावं तशी बघते. त्यावर माझा उपाय ठरलेला: दाराच्या वर लॉफ्ट काढायचा, तिथे आडवी टाकी बसवायची, खाली नळ द्यायचा. पिंप जातं, बाई हसते, चहा मिळतो.

राहिलं कोपर. ते मात्र मला फार उशिरा कळलं.

माझं पहिलं स्वतंत्र काम वसईतल्या एका शिक्षकांकडे होतं. जागा वाचवायच्या नादात मी सगळं खाली खाली, भिंतीला चिकटवून बसवलं. टाइल्स झकास लागल्या. नारळ फोडला. मग सरांनी बादली आणली, आणि ती नळाखाली जाईना. नळ बादलीपेक्षा बुटका होता. त्यांनी बादली तिरकी धरली, अर्धी भरली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "विद्यार्थी प्रामाणिक आहे, पण पेपर पूर्ण वाचत नाही." ती प्रतिक्रिया मी घरी कोणाला सांगितली नाही.

त्या दिवसापासून मी एक पद्धत सुरू केली. नाव ठेवलं 'कोरडी आंघोळ'. हॉलच्या फरशीवर खडूने बाथरूमचा चौकोन आखायचा, अगदी खऱ्या मापाचा. दार, नळ, बादली खडूनेच दाखवायची. मग गिऱ्हाईकाला सगळ्या कपड्यांनिशी त्यात बसवायचं, हातात रिकामा तांब्या द्यायचा आणि म्हणायचं, "करा आंघोळ." लोक आधी लाजतात. मग सवय जिंकते. कोण पाठ कुठल्या बाजूने चोळतो, कोण साबण कुठे ठेवतो, कोणाचं कोपर कुठवर जातं, सगळं दिसतं, आणि मी वहीत टिपून घेतो. विरारच्या एका गृहस्थांनी पहिला तांब्या डोक्यावर घेताच दोन्ही हात फैलावून आलाप घेतला. बायको आत पळाली. पण त्यामुळे मला गिझर दीड फूट पलीकडे न्यायचं सुचलं. तो हलवला नसता तर तिसऱ्या आलापाला त्यांचं मनगट मोडलं असतं.

या पद्धतीचा मला भारी गर्व होता. कुठे लग्नाबिग्नाला गेलो की चार माणसांत मी ती सांगायचो. माझी बायको म्हणायची, "जेवताना तरी नको." आता ज्या कामात या गर्वाचं पाणी पाणी झालं, ते सांगतो.

नालासोपारा पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर हिरामावशी राहायच्या. माहेर गास गावच्या बाजूचं, सासरही तिकडचंच, दोन्हीकडे भातशेती. पुढे मुलाबरोबर फ्लॅटमध्ये आल्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं, वॉकर धरून चालायच्या. मुलगा प्रदीप अंधेरीला ऑफिसात, सून स्मिता शाळेत शिक्षिका. दोघं सकाळी सातला घराबाहेर. आंघोळ घालायला एखादी बाई ठेवू, असं प्रदीपचं म्हणणं. मावशींचं म्हणणं नाही. दोन महिने त्यांनी पलंगाभोवती पडदा ओढून स्वतःच ओल्या फडक्याने अंग पुसून काढलं होतं. सुनेलाही हात लावू दिला नव्हता.

"मला कोनी न्हाऊ घालायचं ते एकदाच," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तेव्हा मी बघायला नसनार. मग घाला काय घालायचं ते. तोवर माझी मी."

प्रदीप वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही काहीतरी करा. स्मिताने रजा घेतलीय, ती संपेपर्यंत आईला एकटीला जमलं तर ठीक. नाही जमलं तर रजा संपते त्या सोमवारपासून बाई येणार. मी सांगून ठेवलंय तिला."

मी बाथरूमच्या दारात उभा राहिलो आणि ओळखली. माझीच होती. पाइपासाठी भिंतीत अशी वाकडी खाच माझ्याशिवाय कोणी काढत नसे. रामसुरतनेही ओळखली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

रीतसर कोरडी आंघोळ ठेवली. हॉलमध्ये चौकोन आखला. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली होती म्हणून उंच स्टूल मांडलं. प्रदीप, स्मिता, रामसुरत, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू, सगळे गोळा झाले. मावशी पदर सावरून स्टुलावर बसल्या. उजव्या हातात तांब्या घेतला, उजव्या खांद्यावर ओतला, डाव्या खांद्यावर ओतला, ठेवला. शाळेत कवायत करतात तसं. मला वाटलं, लाजतायत. मी वहीत लिहिलं: उजवा हात. खाली रेघ मारली. ती वही अजून माझ्याकडे आहे आणि ती रेघ बघितली की मला माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

काम मात्र मी जीव ओतून केलं. दार बाहेर उघडणारं, कडी बाहेरूनही निघेल अशी. पिंप काढून वर टाकी. फरशी खरखरीत. खिडकीच्या भिंतीला टेकून पक्कं स्टूल, बसल्यावर तोंड दाराकडे. उजव्या हाताला नळ, त्याखाली बादलीसाठी गुडघ्याइतका उंच कट्टा, म्हणजे वाकायला नको. डाव्या भिंतीला उठताना धरायचा स्टीलचा दांडा. पाणी वाहून जायची जाळी मधोमध. या जाळीला दुकानात 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात बाकी सगळं इंग्रजीत मिळतं, न्हाणी तेवढी आपली उरली आहे. मावशी तर बाथरूमला न्हानीच म्हणायच्या.

तीन दिवस सगळं ठीक चाललं. शुक्रवारी सकाळी स्मिताचा फोन आला. "काका, आई घसरल्या. लागलं नाहीये फारसं. पण तुम्ही या."

गेलो. मावशी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. बादलीकडे वळताना स्टुलावरून तोल गेला होता. पण बाथरूम इतकी अरुंद की पडायलाही जागा नव्हती. कट्टा आणि भिंत यांच्यामध्ये त्या अडकून राहिल्या आणि दार बाहेर उघडत होतं म्हणून स्मिताने येऊन धरलं. तीस वर्षांपूर्वी मी जागा चोरली, तिचा कोणाला झालेला हा पहिला फायदा.

प्रदीप ऑफिसला न जाता घरी थांबला होता. "झालं, काका. तुमची चूक नाही. पण सोमवारपासून बाई येणार." पहिल्या दिवशी मला तोंडावर उत्तर देणाऱ्या मावशी आता मान वर करत नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. मी आत जाऊन बाथरूम बघत बसलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

मापं सगळी बरोबर होती. पण साबण? साबणाची जागा मी नळाजवळ, उजवीकडे दिली होती. ती कोरडी ठणठणीत. वडी डाव्या बाजूला, दांड्याच्या टोकावर कशीबशी टेकवलेली. घासणीही दांड्यालाच अडकवलेली. पाण्याचे ताजे ओघळ सगळे डाव्या भिंतीवर. मी स्टुलावर बसलो, कपड्यांनिशी, आणि डाव्या हाताने उजवीकडच्या बादलीतून तांब्या घ्यायचा प्रयत्न केला. कंबर पार पिळवटली. ऑपरेशन न झालेला मी, पण माझाही तोल गेला.

स्मिता चहा ठेवायला गेली, प्रदीप फोनवर बोलत गॅलरीत गेला. मी मावशींच्या पलंगाशी स्टूल ओढून हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही डावऱ्या का?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "कोनाला बोलू नका, भाऊ."

"नाही बोलत."

"लहानपनी डाव्या हातानं घास घेतला की आई पळी मारायची. इथं." त्यांनी मनगट दाखवलं. "सासरी आले तर सासू बोलायची, डाव्या हातानं वाढलेलं देवसुद्धा खात नाय. मग शिकले. जेवायला उजवा, वाढायला उजवा, कुंकवाला उजवा. पोरालापन माहीत नाय." मनगट चोळत म्हणाल्या, "पन न्हानीत कोन बघतंय? तिथं दार लावलं की माझी मी."

साठ वर्षं ही बाई दिवसातून एकदाच, दाराला कडी लावून, आपल्या खऱ्या हाताने पाणी घेत होती. आणि मी काय केलं होतं? भर हॉलमध्ये पाच माणसांसमोर तिला आंघोळ करून दाखवायला लावली होती. ती उजव्याच हाताने दाखवणार, दुसरं काय करणार? माझ्या वहीतली माणसं खरोखर कशी आंघोळ करतात ते मी बघतोय, असं मला वाटायचं. खरं म्हणजे ती माझ्यासमोर आंघोळ करताना कशी दिसतात, एवढंच मी बघत होतो.

आता उपाय सोपा होता: नळ, कट्टा डावीकडे, दांडा उजवीकडे. डाव्या भिंतीपलीकडे संडास होता, तिथून पाण्याची लाइन घेता येत होती. जाळी मधोमध असल्याने फरशीच्या उताराला हात लावायला नको. दोन दिवसांचं काम. पण प्रदीपला काय सांगायचं? नव्या कोऱ्या टाइल्स फोडायला कारण लागतं. तो गॅलरीतून आत आला तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "प्रदीप, चूक माझीच आहे रे. मी नकाशा उलटा धरला होता. डावीकडचं उजवीकडे झालं."

तो बघतच राहिला. "उलटा?"

"उलटा. चष्म्याचा नंबर वाढलाय."

"काका," तो अगदी सौम्यपणे म्हणाला, आणि त्या सौम्यपणाने मला जास्त लागलं, "एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर?"

रामसुरत कोपऱ्यात उभा होता. तोही चक्रावला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, नक्शा तो सीधाच था. मैंने खुद देखा था."

"गप. उल्टा था," मी म्हटलं. पलंगावरून मावशींनी मान वर केली.

शनिवार, रविवार आम्ही फोडफोड केली. खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी आवाजाची तक्रार करायला आले, कारण ऐकलं आणि हसत खाली गेले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळलं. सोमवारी साडेसहाला मी 'नळ गळतोय का बघतो' म्हणून हजर झालो. स्मिता खांद्याला पर्स लावून हॉलमध्ये उभी, प्रदीप बूट घालून दारात. बाई खाली रिक्षातून उतरून थांबल्याचा फोन येऊन गेला होता. मावशी वॉकर घेऊन आत गेल्या. कडी लागली.

आम्ही तिघं उभे. आधी काहीच ऐकू येईना. मग नळ. मग पहिला तांब्या. दुसरा. मग सलग, न थांबता, सपासप, शेतावरून दमून आलेलं माणूस घेतं तसं पाणी. ही कवायत नव्हती. स्मिता घड्याळाकडे बघत होती, पण हलत नव्हती. बऱ्याच वेळाने कडी निघाली. मावशी ओले केस पाठीवर सोडून बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पानी आता बरं पडतं, भाऊ." प्रदीप खाली जाऊन त्या बाईला परत पाठवून आला.

माझी कोरडी आंघोळ मी बंद नाही केली. पण रीत बदलली. आता चौकोन हॉलमध्ये आखत नाही. माणसाला त्याच्याच बाथरूममध्ये पाठवतो, हातात खडू देतो, दार लावायला सांगतो. "हात जाईल तिथे खूण करा. मी बाहेर आहे." वही मी आणतच नाही. लोक काय काय खुणा करतात! चिंचोटीकडच्या एका बाईने नळ, साबण काहीच दाखवलं नाही. भिंतीच्या कोपऱ्यात फक्त एक गोल काढला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "इथे मी जरा बसते. सात माणसांचं घर आहे आमचं." मी तिथे काहीही बसवलं नाही. मोकळं सोडलं. जागा वाचवणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा जागा वाया घालवली आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटतं ते एवढंच, की हे सगळं कागदावर कोपरा माझ्याकडे सरकवला जायचा तेव्हा कळायला हवं होतं. साहेबांना सांगायला हवं होतं, अजून एक फूट द्या. मी कधी मागितला नाही. त्या इमारतींमध्ये आज हजारो माणसं रोज सकाळी भिंतीवर कोपर आपटतात आणि मला ओळखत नाहीत, हे माझं नशीब.

हिरामावशी त्यानंतर चार वर्षं एकट्या आंघोळ करत होत्या. गेल्या पावसाळ्यात गेल्या, झोपेतच. मी गेलो होतो, पण पुरुषमंडळींबरोबर खाली उभा होतो. सेक्रेटरी तेवढ्यातही कोणाला तरी हळूच सांगत होते, "हेच ते, नकाशा उलटा धरणारे."

या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा आधी स्मिताकडे गेलो. मावशींना शब्द दिला होता. पण आता लिहायचं तर ती गोष्ट सांगितल्याशिवाय लिहिता येत नव्हतं. म्हटलं, विचारावं. अडखळत सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "काका, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. त्यांच्यानंतर मी जायची आंघोळीला. साबण, तांब्या, सगळं नेहमी डावीकडे. मी कधी बोलले नाही. त्यांचं स्वतःचं तेवढंच होतं. तुम्ही स्टुलावर बसवलंत तेव्हा सांगावंसं वाटलं, पण सगळ्यांसमोर कसं सांगणार? घसरल्या तेव्हा फार लागलं मला." मग म्हणाली, "तुम्ही नकाशा उलटा धरलात म्हणालात ना, तेव्हाच कळलं की तुम्हालाही कळलंय."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आई गेल्या त्या दिवशी," ती म्हणाली, "सगळ्या बायका म्हणाल्या, न्हाणीत नेऊ. पण तिथे दोन माणसं मावतच नाहीत. तुम्ही तशी काढलीय. मग इथे, हॉलमध्येच घातली आंघोळ. पहिला तांब्या मीच घेतला." तिने हात वर करून दाखवला. डावा होता. "एका आत्यांनी टोकलं, अगं, उजवा. मी म्हटलं, राहू दे. असंच आवडायचं त्यांना."